ठाण्याची वर्तुळाकार मेट्रो : रोजचे ६.४७ लाख प्रवासी कुठून येणार?

कोलशेतकर

१६ ऑगस्ट २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने ठाण्याच्या वर्तुळाकार मेट्रोला मंजुरी दिली. २९ किलोमीटर, २२ स्थानकं, खर्च १२,२०० कोटी, काम २०२९ पर्यंत पूर्ण. सरकारी निवेदनात खर्चाबरोबर प्रवासीसंख्येचा अंदाजही दिलाय : २०२९ मध्ये रोज ६.४७ लाख, २०३५ मध्ये ७.६१ लाख, २०४५ मध्ये ८.७२ लाख. खर्चावर आपल्याकडे भरपूर बोलून झालं. या दुसऱ्या आकड्यावर मला कुठे नीट चर्चा दिसली नाही, म्हणून हा धागा काढतोय.

आकडा केवढा आहे ते बघा. मुंबईत २अ आणि ७ या मेट्रो मार्गिका जानेवारी २०२३ पासून पूर्ण लांबीने धावतायत. दोन्ही मिळून साधारण ३५ किमी. दहिसर, बोरिवली, कांदिवली, मालाड, गोरेगाव, अंधेरी, म्हणजे माणसांची कमतरता नाही असा सगळा पट्टा. या दोन मार्गिकांवर २०२१ साठी रोजचे नऊ लाखांवर प्रवासी धरले होते. सुरू होऊन दोन-अडीच वर्षं झाल्यावर प्रत्यक्ष संख्या अडीच ते तीन लाखांच्या घरात पोचली. आणि ठाण्यात त्याहून कमी लांबीच्या मार्गावर, पहिल्याच वर्षी, त्याच्या दुपटीहून जास्त लोक बसतील असं आपण धरून चाललोय.

मी मेट्रोच्या विरोधात नाही. कोलशेतला राहतो, घोडबंदर रोडवर रोज अडकतो, मला ही गाडी हवीच आहे. पण या प्रकल्पाचा इतिहास बघा. आधी १३,०९५ कोटींची मेट्रो होती. केंद्राने सांगितलं, ठाण्याला एवढी भारी यंत्रणा लागणार नाही, हलकी रेल्वे करा. २०२१ च्या सुरुवातीला महापालिकेपुढे एलआरटीचा, म्हणजे त्या हलक्या रेल्वेचा, ७,१६५ कोटींचा प्रस्ताव आला. मग ती एलआरटीही मागे पडली आणि आता पुन्हा मेट्रोच, १२,२०० कोटींना. शहर तेच, रस्ते तेच, प्रवासी तेच. मग पाच हजार कोटींचा फरक नेमका कोणत्या प्रवाशांसाठी पडला, हे मला समजून घ्यायचंय. वाहतूक नियोजनात काम करणारी मंडळी इथे आहेत, त्यांनी लिहावं. नवी मुंबईकरांनीही लिहावं, तुमच्याकडे गाडी धावतेय.

पुढे_जाऊ_द्या

कोलशेतकर, तुमची तळमळ कळते, पण अशा चर्चेतून प्रकल्प रखडण्यापलीकडे काही होत नाही असा माझा अनुभव आहे. घाटकोपर-वर्सोवा मेट्रोच्या, म्हणजे मेट्रो १ च्या, वेळीही हेच चाललं होतं. खर्च २,३५६ कोटींवरून ४,३२१ कोटींवर गेल्याचा दावा झाला, भाड्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या. आज त्या ११.४ किमीच्या मार्गावर रोज साडेचार-पाच लाख लोक जातात. ती गाडी आज बंद केली तर अंधेरीचं काय होईल?

ठाण्याची लोकसंख्या थांबलेली नाही. घोडबंदरला रोज नवे टॉवर उभे राहतायत. अंदाज पहिल्या वर्षी चुकेल, दहाव्या वर्षी बरोबर येईल. रेल्वे ही शंभर वर्षांची गुंतवणूक असते, तिचा हिशोब पाच वर्षांत कसा करणार?

कोलशेतकर

मेट्रो १ चं उदाहरण तुम्ही दिलंत ते चांगलं केलंत, कारण ती का भरते हे उघड आहे. घाटकोपरला मध्य आणि अंधेरीला पश्चिम असे दोन लोकल मार्ग, आणि त्यांना आडवा जोडणारा दुसरा धड पर्याय कुठे होता? बसने एकीकडून दुसरीकडे जायला तास-दीड तास मोडायचा. ती मार्गिका लोकांच्या रोजच्या वाटेवर बांधली. वर्तुळाकार मेट्रो ठाणे जंक्शनवरून निघून रायलादेवी, वागळे, लोकमान्यनगर, शिवाईनगर, मानपाडा, वाघबीळ, कोलशेत, बाळकुम, राबोडी करत पुन्हा जंक्शनला येते. मानपाडा, डोंगरीपाड्याच्या भागात ती मेट्रो ४ च्या जवळून जाते. वडाळा-कासारवडवली मेट्रो ४ च्या अंदाजात मानपाड्याचा माणूस धरलाय, वर्तुळातही धरलाय. तो एकच माणूस आहे की दोन, एवढं तरी कोणी सांगेल का?

खारघर_सेक्टर१२

नवी मुंबईकर म्हणून हजेरी लावतो.

आमच्या मेट्रोचं काम १ मे २०११ ला सुरू झालं. ११.१ किमी, बेलापूर ते पेंधर, ११ स्थानकं, आणि सगळा मार्ग उन्नत. भुयार नाही, समुद्र नाही, दाट जुनी वस्ती नाही. सिडकोने स्वतः आखलेलं शहर, रस्ते रुंद, जमीन सिडकोच्याच हातात. देशात मेट्रो बांधायला याहून सोपी जागा क्वचितच मिळाली असती. तरी गाडी धावायला १७ नोव्हेंबर २०२३ उजाडला. कंत्राटांचे वाद झाले, कामं थांबली, दोन हजार कोटींच्या आत बसायचं ते तीन हजार कोटींच्या पुढे गेलं. आमच्या शेजारची मुलं शाळेत असताना खांब उभे राहिले, ती नोकरीला लागली तेव्हा त्या खांबांवरून गाडी गेली.

एवढ्या वर्षांत खारघरने वाट पाहत बसायचं का? लोकांनी दुचाक्या घेतल्या, शेअर रिक्षांचे थांबे पक्के झाले, कंपन्यांच्या बसचे मार्ग ठरले. माणसाची रोजची सवय बारा वर्षांत दगडासारखी घट्ट होते. मेट्रो उशिरा आली याचा अर्थ नुसतं व्याज वाढलं असा नाही, तिचे प्रवासीही तेवढ्यात दुसरीकडे गेले. खर्चवाढ आणि रिकाम्या गाड्या या दोन वेगळ्या तक्रारी म्हणून मांडल्या जातात. इथे राहून मला दिसलं ते हे, की पहिलीतूनच दुसरी निघते.

दुसरी गोष्ट मार्गाची. ही मेट्रो बेलापूर सोडलं तर हार्बरच्या लोकलला कुठेच भेटत नाही. खारघरमधून जाते, पण खारघर रेल्वे स्थानकाला शिवत नाही. उत्सव चौकातल्या माणसाला वाशीला जायचंय. तो शेअर रिक्षाने खारघर स्टेशनला जाऊन थेट लोकल पकडतो. मेट्रोने जायचं तर जिना चढा, गाडीची वाट बघा, बेलापूरला उतरा, चालत लोकलच्या फलाटावर या, पुन्हा लोकलची वाट बघा. सुरुवातीला गाडी दर १५ मिनिटांनी होती. एक गाडी चुकली की रिक्षावाला तोवर स्टेशनला जाऊन परत आलेला असायचा.

भाडं आधी १० ते ४० रुपये होतं. ७ सप्टेंबर २०२४ पासून कमाल ३० केलं, आणि त्यानंतर कॉलेजची मुलं जास्त दिसायला लागली हे मी स्वतः बघतोय. म्हणजे लोक यायला तयार आहेत. भाड्याचा निर्णय पहिल्याच दिवशी का नाही घेतला?

पेंधरवासी

खारघरकरांनी खारघरचं सांगितलं, मी शेवटच्या स्थानकाचं सांगते. तळोज्यात आम्ही सोडतीत घर लागलं म्हणून आलो. मेट्रो दारात असणार हेच तेव्हा मोठं आकर्षण होतं. संध्याकाळी पेंधरला उतरलं की स्थानक लख्ख, सरकते जिने चालू, लिफ्ट चालू. बाहेर रस्त्यावर पाऊल टाकलं की फूटपाथ थोडा पुढे जाऊन संपतो. त्यापुढे खडी, मग गटाराचं उघडं झाकण, मग डंपर. रिक्षा सीट भरेपर्यंत सुटत नाही. रात्री नऊनंतर एकटी बाई असेल तर ती नवऱ्याला गाडी घेऊन बोलावते. आणि एकदा घरातून दुचाकी निघालीच तर ती थेट खारघर स्टेशनलाच का जाऊ नये? आमच्या इमारतीत बऱ्याच घरांचं गणित असंच आहे.

फूटपाथबद्दल विचारायला गेलं की एक कार्यालय दुसऱ्याकडे पाठवतं. तीन हजार कोटींच्या गाडीपुढे तो फूटपाथ केवढासा, पण माझ्यासाठी मेट्रो वापरायची की नाही हे तोच ठरवतो.

माधवी_वा

मी वाहतूक नियोजनाच्या सल्लागार कंपन्यांमध्ये बरीच वर्षं काम केलंय. प्रवाशांचा अंदाज कसा काढतात ते सांगते, म्हणजे चूक कुठे शिरते ते दिसेल.

शहराचे लहान लहान विभाग पाडतात. प्रत्येक विभागात किती लोक राहतात, किती नोकऱ्या आहेत, घरोघरी सर्वेक्षण करून लोक रोज किती आणि कुठे फिरतात हे मांडतात. मग कोण कोणत्या वाहनाने जाईल याचं गणित करतात : गाडीतला वेळ, भाडं, चालण्याचा वेळ, थांबण्याचा वेळ, गाडी बदलण्याचा त्रास. हे शास्त्र जुनं आणि चांगलं आहे. चालायला आणि थांबायला लागणारं एक मिनिट माणसाला गाडीत बसलेल्या एका मिनिटाच्या साधारण दुप्पट जड जातं, हेही त्यात धरलेलं असतं. पेंधरवासी ताईंनी लिहिलेलं सगळं त्या सूत्रात बसतं.

प्रश्न सूत्रात काय भरता हा आहे. २०३१ मध्ये त्या विभागात किती लोक राहतील? विकास आराखड्यातला आकडा घ्या. आराखडा म्हणतो टॉवर भरलेले असतील. फीडर बस, म्हणजे स्थानकापर्यंत आणून सोडणारी बस? दर पाच मिनिटांनी येते असं धरा. बाकीच्या मेट्रो मार्गिका? सगळ्या ठरल्या वर्षी सुरू झाल्या असं धरा. नवी मुंबईत पेंधरच्या पुढे तळोजा एमआयडीसी, खांदेश्वर, विमानतळ अशा आणखी तीन मार्गिकांचं जाळं आखलं होतं. जाळं धरून केलेला अंदाज एकट्या मार्गिकेला लावला की तो फसणारच. यातलं एकेक गृहीतक सुटं बघितलं तर वाजवी वाटतं. पण सगळी एकाच बाजूला झुकलेली असतात, आणि त्यांचा गुणाकार होतो.

हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत डॉन पिक्रेल यांनी १९८९ मध्ये दहा रेल्वे प्रकल्प तपासले, त्यात चार लाइट रेलचे होते. बफेलोला रोज ९२ हजार प्रवासी धरले होते, आले २९ हजार. सॅक्रामेंटोला ५० हजार धरले, आले १४ हजार. पुढे डेन्मार्कच्या बेंट फ्लिवब्योर्ग यांनी जगभरचे प्रकल्प गोळा केले : रेल्वे प्रकल्पांचा खर्च सरासरी ४५ टक्क्यांनी वाढला आणि प्रवासी अंदाजाच्या सरासरी निम्मेच आले. रस्त्यांच्या अंदाजात चुका दोन्ही बाजूंना पडतात, कधी जास्त, कधी कमी. रेल्वेच्या दहातल्या नऊ प्रकल्पांत चूक एकाच बाजूला, म्हणजे प्रवासी फुगवण्याच्या बाजूला. भारतातल्या मेट्रोंचा आयआयटी दिल्लीने २०२३ मध्ये अभ्यास केला, तर बहुतेक ठिकाणी प्रत्यक्ष प्रवासी अंदाजाच्या २५ ते ३५ टक्के निघाले.

पुढे_जाऊ_द्या

माधवीताई, म्हणजे तुमच्या क्षेत्रातले लोक जाणूनबुजून खोटे आकडे देतात असं म्हणायचंय का?

माधवी_वा

बहुतेक जण नाही. पण व्यवस्था कशी आहे बघा. २०१७ च्या मेट्रो धोरणानुसार प्रकल्पाचा आर्थिक परतावा १४ टक्के दिसला पाहिजे, नाहीतर केंद्राचा पैसा नाही. परतावा कुठून येतो? मुख्यतः प्रवाशांच्या वाचलेल्या वेळातून. प्रवासी कमी दाखवले की परतावा कमी, परतावा कमी की मंजुरी नाही. एका शहराने प्रामाणिक आकडा दिला आणि शेजारच्याने फुगवून दिला, तर पैसा शेजाऱ्याला मिळतो. सल्लागाराला पुढचं काम कोण देतं? ज्याला मंजुरी हवी असते तोच. आणि गाडी सुरू झाल्यावर कोणीही परत येऊन विचारत नाही की बाई, तुम्ही दहा वर्षांपूर्वी हे लिहिलं होतं, त्याचं काय झालं? माझ्या इतक्या वर्षांच्या कामात मला हा प्रश्न एकदाही कोणी विचारलेला नाही. ही गोष्ट मला मनापासून खटकते.

त्याच २०१७ च्या धोरणात आणखी एक चांगली अट आहे : स्थानकापर्यंत पोचण्याची सोय, फीडर बस, पायवाटा, सायकल, हे सगळं प्रकल्प अहवालातच हवं. अहवालात ते असतंच. खर्च वाढायला लागला की पहिली कात्री तिथेच लागते, कारण खांब अर्धा सोडता येत नाही आणि फूटपाथ सोडता येतो.

लीथवरून_नौपाडकर

मूळचा नौपाड्याचा, आता बरीच वर्षं स्कॉटलंडच्या एडिनबरामध्ये. धागा वाचून राहवलं नाही, कारण इथल्या ट्रामचं रामायण मी डोळ्यांनी बघितलंय.

मूळ योजना विमानतळ ते न्यूहेवन, १८.५ किमी, ५४.५ कोटी पौंड. शेवटी ३१ मे २०१४ ला जी ट्राम धावली ती १४ किमीचीच, शहराच्या मध्यापर्यंत, आणि खर्च ७७.६ कोटी पौंड. मार्ग चौथ्या हिश्शाने छाटला आणि पैसे चाळीस टक्क्यांनी जास्त गेले. तीन वर्षांचा उशीर. प्रिन्सेस स्ट्रीट, म्हणजे आपल्या गोखले रोडसारखा मुख्य बाजाररस्ता, खणून ठेवलेला. २००९ मध्ये ठेकेदार आणि पालिकेच्या कंपनीचा वाद झाला आणि तिथलं काम ठप्प. दुकानदारांची काय अवस्था झाली असेल ते ठाणेकरांना वेगळं सांगायला नको.

मूळ कारण जमिनीखाली होतं. पाण्याच्या, गॅसच्या, टेलिफोनच्या लाइनी हलवायच्या होत्या आणि नकाशात दाखवलेल्या जागी त्या सापडेनात. लीथ या शहराच्या बंदराकडच्या भागात कॉन्स्टिट्यूशन स्ट्रीट खणला तर जुन्या कब्रस्तानातले सांगाडे निघाले. डिझाइन पूर्ण व्हायच्या आधी करार झाला होता. किंमत ठरलेली आहे असं लोकांना सांगितलं गेलं, करारात मात्र ती ठरलेली नव्हती. प्रत्येक बदलावर भांडण.

मग चौकशी नेमली. लॉर्ड हार्डी यांचा अहवाल यायला सप्टेंबर २०२३ उजाडला, म्हणजे ट्राम धावायला लागल्यावर नऊ वर्षांनी. पण तो आला, जाहीर झाला, जबाबदारी कोणाची ते त्यात स्पष्ट लिहिलंय. आणि अहवाल यायच्या आधीच पालिकेने या सगळ्या अनुभवातून काही घेतलं असं मला वाटतं. न्यूहेवनपर्यंतचा राहिलेला तुकडा २०२३ च्या जूनमध्ये सुरू झाला, सुमारे २०.७ कोटी पौंडांत, ठरवलेल्या पैशांत.

प्रवाशांचं म्हणाल तर ट्राम भरते. पहिल्याच वर्षी पन्नास लाखांच्या आसपास लोक बसले. सिडनीतही तसंच : १.६ अब्ज डॉलरची लाइट रेल तीन अब्जांच्या पुढे गेली, तिथेही विजेच्या जमिनीखालच्या केबलवरून ठेकेदाराशी भांडण आणि ५७.६ कोटी डॉलरची तडजोड, पण गाड्या रिकाम्या नाहीत. दोन्हीकडे ट्राम थेट बाजारातून, ऑफिसांच्या दारातून जाते, आणि रस्त्यावरूनच चढता येतं. जिना नाही.

ट्रायल_पिट

नौपाडकरांनी जमिनीखालचं लिहिलं, त्यावर थोडं. मी स्थापत्य अभियंता, ठाणे-मुंबईत रस्ते आणि जलवाहिन्यांच्या कामांवर आयुष्य गेलं.

खांब उभा करायच्या आधी ट्रायल पिट, म्हणजे चाचणीचा खड्डा, घेतात. मशीन लावत नाहीत, हाताने खणतात, कारण खाली काय लागेल सांगता येत नाही. जुन्या ठाण्यात नकाशा सांगतो की जलवाहिनी कडेपासून दीड मीटरवर आहे. खणलं की तिथे विजेची केबल, तिच्याखाली कोणत्या तरी कंपनीने रात्रीत टाकलेली फायबरची नळी, आणि जलवाहिनी बरोबर तिथे जिथे खांबाचा पाया येणार. मग खांब सरकवा किंवा वाहिनी हलवा. खांब सरकला की वरचा गर्डर बदलतो, डिझाइन परत मंजुरीला जातं. वाहिनी हलवायची तर शटडाउन घ्यावा लागतो, अर्ध्या शहराचं पाणी बंद, गणपती-दिवाळीत तो मिळत नाही, मे महिन्यात तर मिळतच नाही. चार महिने असेच जातात. ठेकेदाराची माणसं, क्रेन, काँक्रीटचा बॅचिंग प्लांट बसून असतात आणि त्याचं बिल चालू असतं. भाववाढीचं कलम वेगळं.

हे सगळं टाळता येतं. निविदेच्या आधी सहा-आठ महिने आणि थोडा पैसा खर्चून सगळ्या मार्गावर वाहिन्यांचं सर्वेक्षण करायचं, रडारने आणि पिट घेऊन. एकूण खर्चात तो खर्च किरकोळ असतो. पण भूमिपूजनाची तारीख आधी ठरते आणि सर्वेक्षण नंतर. वर्तुळाकार मेट्रोचे तीन किलोमीटर आणि दोन स्थानकं भुयारी आहेत, तीही स्टेशनच्या बाजूची. ज्यांनी स्टेशन रोडला कधी खड्डा घेतलाय त्यांना कळेल मी का काळजीत आहे.

रोजची_टीएमटी

इतकी मोठी माणसं लिहितायत, मी फक्त वागळे इस्टेटला कामाला जाणारी. स्टेशनला उतरून बस धरते. बस मिळाली तर बारा-पंधरा मिनिटांत पोचते. बस मिळणं हेच अवघड. रांगेत उभं राहायचं, एक बस भरून जाते, दुसरी येतच नाही, मग चौघी मिळून रिक्षा करतो.

माझ्यासारख्या बायका वागळेला हजारोंनी येतात. आमची गर्दी आजच आहे, तिच्यासाठी २०२९ पर्यंत थांबायची गरज काय? मेट्रोचं काम चालू असतानाच त्याच मार्गावर बसगाड्या वाढवल्या, त्यांना स्टेशनपासून वेगळी रांग, वेगळी वाट दिली, तर आम्हाला आज फायदा होईल. आणि कोणत्या थांब्यावर किती माणसं चढतात हे खरंखुरं मोजूनच कळेल, अंदाज करावा लागणार नाही.

माधवी_वा

रोजची_टीएमटी ताई, तुम्ही जे लिहिलंत ते आमच्या अहवालात यायला हवं होतं. कॅनडातल्या कॅलगरीने हेच केलं. त्यांची लाइट रेल १९८१ मध्ये सुरू झाली, पण त्याआधी त्याच मार्गांवर जलद बसगाड्या चालवून प्रवासी तयार केले होते. मग रेल्वे बांधली, तीही बहुतांश जमिनीवरून, साध्या स्थानकांची. बसचे मार्ग तोडून स्थानकांवर आणून सोडले, आणि मध्यवर्ती भागात पार्किंग वाढू दिलं नाही. साधारण तेरा-चौदा लाखांच्या शहरात तिथे रोजचे तीन लाखांवर लोक लाइट रेलने जायला लागले.

कोलशेतकरांच्या मूळ प्रश्नावर येते. २०१९ च्या केंद्राच्या मेट्रोलाइट नियमांत गर्दीच्या तासाला एका दिशेने १५ हजार प्रवाशांपर्यंत हलकी यंत्रणा पुरते असं म्हटलंय. आता ढोबळ गणित करा. दिवसाच्या ६.४७ लाखांपैकी दहा टक्के गर्दीच्या एका तासात, म्हणजे पासष्ट हजार. ते दोन दिशांना वाटले जातात, आणि वर्तुळात बहुतेकांचा प्रवास चार-सहा स्थानकांचाच असतो, त्यामुळे एका ठिकाणी एका वेळी त्यातले थोडेच गाडीत असतात. फुगवलेला आकडा खरा धरला तरी हलक्या यंत्रणेची मर्यादा सहज ओलांडली जाते असं मला दिसत नाही. आणि प्रवासी निम्मे आले तर प्रश्नच मिटला. पण याचा अर्थ एलआरटीच करायला हवी होती असा मी काढत नाही. ठाण्याच्या अरुंद रस्त्यांवर तीही बरीचशी खांबांवरच न्यावी लागली असती, आणि खांबांवर गेली की हलकीचा स्वस्तपणा फारसा उरत नाही.

लीथवरून_नौपाडकर

स्वस्त, हलकी, अरुंद रस्त्यात बसणारी म्हणून मुंबईत मोनोरेल आणली होती हे विसरू नका. २०१४ मध्ये चेंबूर-वडाळा, २०१९ मध्ये संत गाडगे महाराज चौकापर्यंत. मधे आगीमुळे नोव्हेंबर २०१७ पासून सप्टेंबर २०१८ पर्यंत बंद. सुटे भाग मिळेनात, गाड्या अपुऱ्या, फेऱ्या विरळ, म्हणून प्रवासी नाहीत, प्रवासी नाहीत म्हणून उत्पन्न नाही. २० सप्टेंबर २०२५ ला नूतनीकरणासाठी परत बंद केली. जगात दोन-चारच कंपन्या बनवतात असं काही पुन्हा आणू नये एवढंच.

पुढे_जाऊ_द्या

माझा मुद्दा अजूनही तोच, की वर्तुळाकार मेट्रो व्हायला हवी आणि लवकर व्हायला हवी. खारघरकरांनीच लिहिलंय, उशीर झाला की प्रवासी जातात. पण पेंधरवासी ताई आणि टीएमटी ताईंचं वाचल्यावर मला वाटतं की फूटपाथ आणि बस यांचा पैसा वेगळ्या खात्यात बांधून ठेवायला हवा, ज्याला खर्च वाढला तरी हात लावता येणार नाही. हे कोणाकडे मागायचं?

कोलशेतकर

तुमच्याकडून हे आलं याचा आनंद आहे. मागणं दोन ठिकाणी करता येईल. प्रभागाचा नगरसेवक, आणि माहिती अधिकार.

अर्जाचा मसुदा मी लिहायला घेतलाय. त्यात मागतोय ते असं : वर्तुळाकार मेट्रोच्या सविस्तर प्रकल्प अहवालातलं प्रवासी अंदाजाचं प्रकरण जोडपत्रांसह. त्यात प्रत्येक विभागाची लोकसंख्या किती धरली आणि कोणत्या आधाराने. मेट्रो ४ आणि तिचा कासारवडवलीपुढचा तुकडा ४अ सुरू असतील असं धरून आकडे काढले की नाही. फीडर बस किती आणि किती मिनिटांनी धरल्या, आणि त्या चालवण्याचा पैसा कोणाच्या अंदाजपत्रकात आहे. प्रत्येक स्थानकाभोवती अर्ध्या किलोमीटरच्या फूटपाथसाठी किती तरतूद आहे. निविदेआधी भूमिगत वाहिन्यांचं सर्वेक्षण झालं का, झालं असेल तर त्याची प्रत. ट्रायल_पिट साहेब, शेवटच्या प्रश्नाची भाषा तुम्ही तपासून द्याल का? चुकीचा शब्द पडला की 'माहिती उपलब्ध नाही' असं उत्तर येतं.

ट्रायल_पिट

'युटिलिटी मॅपिंग अहवाल' आणि 'ट्रायल पिट नोंदवही' असे दोन्ही शब्द घाला. नुसतं 'सर्वेक्षण' लिहिलंत तर जमिनीची लेव्हल घेतल्याचा कागद पाठवतील. भुयारी भागासाठी माती परीक्षणाचे बोअरलॉगही मागा, दर किती मीटरला बोअर घेतला ते त्यात दिसतं.

खारघर_सेक्टर१२

असाच अर्ज मी आमच्या मेट्रोसाठी टाकतो : सुरू झाल्यापासून स्थानकनिहाय, महिनावार प्रवासी, आणि मूळ अहवालात त्या स्थानकाला धरलेले प्रवासी. तुमच्या आकड्यांशेजारी आमचे ठेवता येतील. पेंधरवासी ताई, तुमच्या स्थानकाबाहेरच्या त्या फूटपाथचे फोटो द्याल का, अर्जाबरोबर तक्रारही स्वतंत्र टाकतो.

पेंधरवासी

फोटो देते. उद्या सकाळी उजेडात काढते, संध्याकाळी तिथे काही दिसत नाही. गटाराच्या झाकणाचा वेगळा काढते.

माधवी_वा

कोलशेतकर, एक भर घाला. अंदाज २०२९, २०३५ आणि २०४५ या तीन वर्षांसाठी आहे. गाडी सुरू झाल्यावर दर वर्षी प्रत्यक्ष आणि अंदाज शेजारी शेजारी जाहीर करण्याची जबाबदारी कोणत्या अधिकाऱ्यावर आहे, त्याचं पदनाम मागा. उत्तर 'कोणावरही नाही' असं आलं तर तेच घेऊन आपण नगरसेवकांकडे जाऊ. मसुदा पक्का झाला की इथे टाका, मी जोडपत्रांची नावं बघून देते.